साथीदाराची जागा : मार्टिन हेज, डेनिस केहिल आणि आयरिश फिडल

आज आपण दोन वादकांविषयी बोलणार आहोत. एक आहे मार्टिन हेज, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातला फिडलवादक. दुसरा डेनिस केहिल, त्याला गिटारवर साथ करणारा, शिकागोत जन्मलेला आणि वाढलेला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. वाद्य तेच, परंपरा निराळी.

या दोघांची जोडी पाव शतकाहून अधिक काळ टिकली. पण ही फक्त दोघांच्या मैत्रीची गोष्ट असती, तर इतिहासाच्या व्याख्यानात तिचं काही काम नव्हतं. त्यांच्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो, तो असा : जे संगीत शेकडो वर्षं एकाच सुरावटीवर चालत आलं, त्याला साथ करायची तरी कशी? आणि साथ करणाऱ्यानं स्वतःसाठी किती जागा घ्यायची?

आधी हा प्रश्न मुळात का पडतो ते बघू. आयर्लंडचं पारंपरिक नृत्यसंगीत, म्हणजे रील, जिग, हॉर्नपाइप वगैरे, हे मुळात एकरेषीय आहे. फिडल असो, बासरी असो की इलियन पाइप्स, सगळे एकच धून वाजवतात. धून लहानशी असते. तिचे साधारण दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळी कला असते ती सजावटीत, गजाच्या फिरवण्यात, एखादा सूर किंचित लांबवण्यात किंवा अलगद दाबण्यात. मागे काही वाजावं अशी तिची मागणीच नसते. आपल्याकडे निदान तानपुरा तरी असतो. तिथे बऱ्याच वेळा तोही नाही. नाचणाऱ्यांचे पाय, तोच ठेका.

दुसरी गोष्ट सुरांची. पाश्चात्त्य संगीत म्हटलं की आपल्याला मेजर आणि मायनर ही दोन स्वरसप्तकं आठवतात. आयरिश धुना त्या चौकटीत नीट बसत नाहीत. अनेक धुना आपल्या काफी थाटाच्या जवळ जातात, अनेक खमाजच्या. निषाद तर फारच चंचल. एकाच धुनेत तो एकदा शुद्ध लागतो, एकदा कोमल, आणि जुन्या वादकांकडे कधीकधी दोघांच्या मध्येच कुठेतरी. फिडलला पडदे नाहीत, त्यामुळे त्याला हे सहज जमतं. आता अशा धुनेच्या मागे कुणी पियानोवर ठाम मेजर कॉर्ड दिली, म्हणजे तीन सूर एकदम वाजवले, तर काय होतं? जो सूर अजून ठरायचा होता, तो कॉर्ड ठरवून टाकते.

ही अडचण आपल्याला नवी नाही. हार्मोनियमच्या बाबतीत आपल्याकडे हाच वाद झाला. ठरावीक पट्ट्यांचं वाद्य, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं त्याला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. कारणं आणि परिस्थिती वेगळी होती, पण प्रश्न त्याच जातीचा.

आता आयर्लंडच्या बाजूनं इतिहास पाहू. साथीचा प्रश्न खऱ्या अर्थानं ऐरणीवर आला तो अमेरिकेत, ध्वनिमुद्रणाच्या काळात. स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन हा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. कोलमनचं वाजवणं इतकं तेजस्वी होतं की या तबकड्या बोटीनं आयर्लंडला परत गेल्या आणि गावोगावच्या वादकांनी त्या ऐकून आपलं वाजवणं बदललं. पण कंपन्यांना एकटं फिडल उघडंबोडकं वाटे. म्हणून मागे पियानो बसवला जाई. वाजवणाऱ्याला ही परंपरा ठाऊक असेलच असं नाही. आज त्यातल्या काही तबकड्या ऐकल्या तर गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. फिडल एका गावाला चाललंय आणि पियानो दुसऱ्याच.

त्यानंतर आयर्लंडमध्ये केयली बँडचा जमाना आला. केयली म्हणजे नाचगाण्याचा मेळावा. १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नृत्यांना परवाना लागू लागला आणि घराघरांतले नाच हळूहळू सभागृहांत गेले. सभागृह मोठं, तेव्हा आवाजही मोठा हवा. मग चार-पाच फिडलं, बासऱ्या, अ‍ॅकॉर्डियन, आणि मागे पियानो व ड्रम. नाचायला झकास! पण शॉन ओ रिआडा या संगीतकाराला हा प्रकार मुळीच मानवत नसे. १९६० च्या दशकात आपल्या गाजलेल्या रेडिओ व्याख्यानांत त्यानं केयली बँडच्या आवाजाची तुलना बरणीत अडकलेल्या माशीच्या गुणगुणीशी केली. सगळ्यांनी सगळा वेळ वाजवत राहायचं, त्यात एकेका वादकाचं वेगळेपण बुडून जातं, हा त्याचा मुद्दा.

१९७० च्या दशकात गिटार आणि बुझुकी आल्या. प्लँक्स्टी, बॉथी बँड यांच्यासारखे गट तरुणांमध्ये लोकप्रिय झाले. बॉथी बँडचा गिटारवादक मिहॉल ओ डोनल यानं एक फार शहाणी गोष्ट केली. त्यानं गिटारच्या तारा अशा जुळवल्या की मेजर की मायनर हा निवाडा टाळता यावा. षड्ज-पंचम वाजत राहावेत आणि मधला गंधार फिडलवर सोडून द्यावा. फिडलवादक केविन बर्क याच्याबरोबरचा त्याचा १९७९ चा 'प्रॉमेनाड' हा अल्बम फिडल-गिटार जोडीचा उत्तम नमुना मानला जातो. तेव्हा हेज आणि केहिल यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली असं कुणी समजू नये.

आता आपण क्लेअरला जाऊ. पूर्व क्लेअरमध्ये फीकल नावाचं गाव आहे. त्याच्याजवळच्या माघेरा या वस्तीत १९६२ साली मार्टिन हेजचा जन्म झाला. वडील पी. जो हेज हे शेतकरी आणि फिडलवादक. टुला केयली बँड १९४६ मध्ये स्थापन झाला, तो त्यांनी अनेक दशकं चालवला. मार्टिन कुमारवयातच त्या बँडमध्ये वाजवू लागला. पुढे अखिल आयर्लंड फिडल स्पर्धांमध्ये त्यानं निरनिराळ्या वयोगटांत मिळून सहा वेळा पहिला क्रमांक पटकावला. म्हणजे ज्या केयली बँडवर ओ रिआडानं टीका केली, त्याच संस्थेत आपला नायक घडला. इतिहासात असं होतं. एखादी संस्था बाहेरून गोंगाट वाटते आणि आतून गुरुकुल असते.

पूर्व क्लेअरची शैली स्लायगोसारखी वेगवान आणि चमकदार नाही. लय जरा सावकाश, गज लांब, सुरांना थोडी उदास छटा. पी. जो हेज आणि त्यांचे मेहुणे पॅडी कॅनी यांनी पीटर ओ'लॉक्लिन या आणखी एका वादकाबरोबर १९५९ मध्ये एक तबकडी केली. पियानोवर ब्रायडी लॅफर्टी होत्या. आयरिश फिडलच्या इतिहासातली ही फार मोलाची तबकडी. त्यातला पियानो ऐकण्यासारखा आहे. तो पुढे पुढे करत नाही, जमिनीसारखा खाली पसरलेला असतो. साथीचा योग्य प्रमाणबद्ध विचार मार्टिनच्या घरातच होता, हे इथे लक्षात ठेवू.

त्या भागातली जुनी मंडळी एक शब्दप्रयोग वापरत : 'लोनसम टच'. एकाकीपणाचा स्पर्श. एखाद्याच्या वाजवण्यात तो आहे किंवा नाही, असं म्हणत. वेग, तयारी, सफाई यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. साध्या नाचाच्या धुनेतही काळजाला हात घालणारं काहीतरी असतं, ते वाजवणाऱ्याला सापडलं की नाही एवढाच प्रश्न. मार्टिनवर आणखी एक प्रभाव होता तो डब्लिनच्या टॉमी पॉट्सचा. १९७२ मध्ये 'द लिफी बँक्स' हा त्याचा अल्बम आला आणि अनेकांनी कपाळाला हात लावला. कारण पॉट्स नाचाची लय मोडायचा, धून मध्येच वळवायचा, सूर अनपेक्षित ठिकाणी सोडायचा. त्याच्या वाजवण्यावर कुणी नाचू शकलं नसतं. नाचाचं संगीत नुसतं बसून ऐकण्याचंही असू शकतं, ही कल्पना तिथून आली.

आणि मग स्थलांतर. १९८० च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी प्रचंड होती आणि तरुण पिढी पुन्हा एकदा देशाबाहेर पडत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मार्टिन शिकागोला पोचला.

शिकागो हे शहर या संगीताच्या इतिहासात योगायोगानं येत नाही. कॉर्क परगण्यातून आलेला फ्रान्सिस ओ'नील हा १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचा पोलीसप्रमुख होता. पोलीसप्रमुख, आणि छंद धुना गोळा करण्याचा! शहरात येणाऱ्या आयरिश लोकांकडून, स्वतःच्या पोलीस शिपायांकडूनसुद्धा, तो धुना ऐकायचा, पाठ करायचा. त्याला स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं. जेम्स ओ'नील हा दुसरा एक पोलीस ते काम करी. आडनाव तेच, नातं काही नाही. १९०३ मध्ये त्यांचा १८५० धुनांचा संग्रह छापला गेला. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या पुस्तकात फक्त सुरावट आहे, साथीचं काहीही लिहिलेलं नाही. साथीची ओळ कोरी ठेवणारं हे पुस्तक शिकागोत तयार झालं, आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी ती ओळ कशी भरावी याचा एक उत्तम धडा त्याच शहरात सुरू झाला.

डेनिस केहिलचा जन्म १९५४ चा, शिकागोतलाच. आईवडील केरी परगण्यातून आलेले. त्यानं शिकागो म्युझिकल कॉलेजमध्ये शिक्षण घेतलं आणि पुढे शहरातल्या बारमध्ये, क्लबमध्ये पोटापाण्यासाठी गिटार वाजवली. जॅझ, ब्लूज, रॉक, लोकसंगीत, समोर येईल ते. म्हणजे रक्तानं आयरिश, कानानं शिकागोचा.

दोघांनी मिळून आधी काय केलं असेल? एक दणदणीत इलेक्ट्रिक बँड! त्याचं नाव 'मिडनाइट कोर्ट'. हे नाव आलं ब्रायन मेरिमन या अठराव्या शतकातल्या कवीच्या आयरिश भाषेतल्या दीर्घकाव्यावरून. मेरिमन फीकलमध्ये शाळामास्तर होता आणि तिथल्याच स्मशानभूमीत त्याला पुरलं आहे. तर असं गावाकडचं नाव लावून ही मंडळी शिकागोच्या बारमध्ये फिडल, गिटार, बास आणि ड्रम असा मिश्र मसाला वाजवत होती. बँड काही जगप्रसिद्ध झाला नाही. पण या वर्षांना वाया गेलेली वर्षं म्हणता येणार नाही. किती आवाज करता येतो हे त्यांनी पुरेपूर करून पाहिलं. पुढे जी शांतता आली, ती हे सगळं करून झाल्यावर आली.

मार्टिन नंतर सिएटलला गेला. १९९३ मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, त्यावर गिटारची साथ रँडल बेज यांची होती. त्यात मार्टिननं आपली दिशा ठरवली होती : पूर्व क्लेअरच्या धुना, सावकाश, बारकाईनं. आणि १९९७ मध्ये मार्टिन आणि डेनिस या जोडीचा अल्बम आला. नाव अर्थातच 'द लोनसम टच'.

या अल्बममध्ये गिटार काय करते, ते नीट ऐकू या. कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथेच आहे. सर्वसाधारण साथीदार पूर्ण कॉर्ड छेडत राहतो, झणझण, झणझण, ठेका धरून. डेनिसनं यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. कधी तो दोनच सूर वाजवतो. कधी एकच खर्जातला सूर, आणि तो विरेपर्यंत थांबतो. कधी फिडलबरोबर धुनेचाच एखादा तुकडा म्हणतो. कधी अख्ख्या ओळीत काहीच नाही. गंधार बऱ्याचदा तो सांगतच नाही. त्यामुळे धून काफीच्या बाजूला झुकली की खमाजच्या, हे फिडलच्या हातात राहतं. आणि कॉर्ड बदलतो तो धुनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात. पहिल्यांदा तीच ओळ घरासारखी वाटते, दुसऱ्यांदा त्याच सुरांखाली वेगळा खर्ज येतो आणि ओळ परकी वाटू लागते. धून तसूभरही बदललेली नसते. बदलतो तो तिच्यामागचा प्रकाश.

कुणी म्हणेल, कमी वाजवणं सोपं आहे. मंडळी, ते मुळीच सोपं नाही. सतत वाजवणाऱ्याचा एखादा सूर चुकला तर दहा सुरांमध्ये खपून जातो. दोनच सूर वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते. शिवाय कुठे थांबायचं हे कळायला समोरच्याची धून त्याच्याइतकीच पाठ असावी लागते. डेनिसनं जॅझमधून जे मिळवलं होतं, ते हेच. किती कॉर्ड येतात यापेक्षा त्यातली कुठली गाळायची, हे ज्ञान.

याचा दुसऱ्या बाजूलाही परिणाम झाला. साथ इतकी हलकी झाल्यावर फिडलला घाई करायचं कारण उरलं नाही. मार्टिन लय उतरवू शकला, एका सुरावर रेंगाळू शकला. १९९९ मध्ये आलेल्या 'लाइव्ह इन सिएटल' या अल्बममध्ये याचा कळस ऐकायला मिळतो. त्यात एका धुनेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं करत पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ चालणारी एक सलग मालिका आहे. सुरुवात जवळजवळ कुजबुजीनं होते. मग लय हळूहळू चढते, मार्टिनचे पाय जमिनीवर ठेका धरतात, आणि शेवटी श्रोते अक्षरशः ओरडत असतात. आपल्याकडच्या श्रोत्यांना विलंबितापासून द्रुतापर्यंतची चढण ओळखीची वाटेल. मात्र ही आपल्याकडून उचललेली गोष्ट आहे असं समजायचं कारण नाही. धीरानं वाढवत नेण्याची वाट दोन्हीकडे वेगवेगळी सापडलेली आहे.

सगळ्यांना हे आवडलं का? नाही. जाणकारांच्या आक्षेपांत तथ्य होतं. पहिला आक्षेप, हे नाचाचं संगीत आहे आणि यावर नाचता येत नाही. दुसरा, पबमधल्या बैठकीत दहा जण एकत्र वाजवतात, तिथे सगळ्यांना सामावून घेणारी लय लागते. ही जोडी म्हणजे मैफिलीचा प्रकार, रंगमंचावरचा. तिसरा, या संथपणाची नक्कल करणं फार सोपं आहे आणि नक्कल केली की नुसती मरगळ उरते. हे तिन्ही आक्षेप आम्हाला विचार करण्याजोगे वाटतात. पहिल्याला उत्तर असं की मार्टिन टुला बँडमध्ये वर्षानुवर्षं नाचणाऱ्यांसाठी वाजवत होता. संथ धुनेतही तो पायाचा ठेका आत जिवंत असतो. म्हणूनच ती मरगळत नाही. नक्कल करणाऱ्याकडे संथपणा येतो, आतला नाच येत नाही. दुसऱ्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. बैठकीतून मैफिलीकडे गेलं की काहीतरी मिळतं आणि काहीतरी सुटतं. परंपरेच्या इतिहासात हा हिशोब कधीच शून्यावर येत नाही.

पुढचा टप्पा थोडक्यात. २००८ मध्ये 'वेलकम हिअर अगेन' आला. २०११ पासून 'द ग्लोमिंग' हा पाच जणांचा गट सुरू झाला. त्यात हेज आणि केहिल, शिवाय पारंपरिक गायक इआरला ओ लिनार्ड, फिडलवादक क्वीवीन ओ रायली आणि अमेरिकन पियानोवादक थॉमस बार्टलेट. २०१४ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमला आयर्लंडचा मीटिअर चॉइस पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार एरवी रॉक-पॉपवाल्यांकडे जातो, म्हणून त्याचं विशेष. इथे एक मजा बघा. कोलमनच्या तबकड्यांवर जो पियानो खटकायचा, तोच पियानो आता परत आला, पण पाहुण्यासारखा, दार वाजवून. वाद्याचा दोष कधीच नव्हता. ऐकण्याचा होता.

२० जून २०२२ रोजी डेनिस केहिलचं शिकागोत निधन झालं. वय ६८. जन्म त्याच शहरातला, शेवटही तिथेच. मार्टिन हेज आजही वाजवतो. २०२३ मध्ये नव्या साथीदारांबरोबर त्याचा 'पेगीज ड्रीम' हा अल्बम आला.

आता शेवटचा मुद्दा. संगीताचा इतिहास आपण मुख्य कलाकारांच्या नावांनी लिहितो. कोलमन म्हटलं की फिडल. मागे कोण बसलं होतं हे विशेष अभ्यासकांनाच ठाऊक. आपल्याकडेही मैफिलीच्या जाहिरातीत साथीदारांची नावं कुठे आणि किती लहान अक्षरांत असतात, ते तुम्ही पाहिलेलं आहे. केहिलच्या बाबतीत तसं करता येत नाही. त्यानं गाळलेल्या सुरांमुळे हेजचं फिडल तसं ऐकू आलं. १९९७ नंतरच्या फिडलवादनाचा इतिहास लिहायचा तर गिटारच्या शांततेचाही लिहावा लागेल. अडचण एवढीच की न वाजवलेल्या सुरांची नोंद कुठल्याही पुस्तकात नसते. ती ऐकूनच घ्यावी लागते.

म्हणून ज्यांना वेळ आहे त्यांनी या क्रमानं ऐकावं, असं आम्ही सुचवू. आधी कोलमनची एखादी तबकडी, पियानोकडे लक्ष देऊन. मग १९५९ ची क्लेअरची तबकडी. मग 'प्रॉमेनाड'. आणि शेवटी 'द लोनसम टच', पण दोनदा. पहिल्यांदा फिडल ऐका. दुसऱ्यांदा फिडल बाजूला ठेवून फक्त गिटार ऐका. ती कुठे थांबते ते मोजा. आजचा विषय त्या थांबण्यांत आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.